बाळ रडता कामा नये

आजार होतो शरीराला, पण तो कळावा लागतो डोक्याला. आणि या दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत आमचं कार्यालय आहे. कार्यालयाचं नाव 'सुबोधता कक्ष'. आरोग्य खात्याच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर, जिन्याच्या वळणावर, मोडक्या खुर्च्यांच्या खोलीशेजारी आम्ही बसतो. (लिफ्ट तिसऱ्या मजल्यापर्यंतच येते. गुडघेदुखीच्या रुग्णांसाठी मार्गदर्शन केंद्रही आमच्याकडेच आहे.) डॉक्टर जे बोलतात ते लोकांना कळत नाही आणि लोकांना जे कळतं ते डॉक्टर बोलत नाहीत, ही गोष्ट खात्याच्या लक्षात आली, तेव्हा या कक्षाची स्थापना झाली. तेव्हापासून आम्ही सर्व गोष्टी सोप्या करत आहोत.

मधुमेहासारख्या, एकदा आला की पाहुण्यासारखा मुक्काम ठोकणाऱ्या आजारात माणसानं रोज स्वतःची काळजी स्वतःच घ्यावी, असं शास्त्र सांगतं. डॉक्टर रोज भेटत नाही. मोबाइल मात्र उशाशीच असतो. तेव्हा ज्यांना वाचता येत नाही, किंवा वाचता येतं पण औषधाच्या पाकिटावरचं वाचवत नाही, अशा जनतेसाठी एक अ‍ॅप काढायचं ठरलं. पहिल्या अ‍ॅपमध्ये शब्द होते. 'आपल्या रक्तातील शर्करेचे प्रमाण अपेक्षित मर्यादेबाहेर गेले असून आहारविषयक दक्षता अभिप्रेत आहे' हे वाक्य आम्ही सोपं करत करत 'साखर वाढली' इथपर्यंत आणलं. चाचणीत असं दिसलं की, हे वाचून बऱ्याच लोकांनी दुकानात धाव घेतली आणि आणखी महाग व्हायच्या आत दोन-दोन किलो भरून ठेवली. मग शब्दच काढून टाकले.

शब्दांच्या जागी चेहरा ठेवायचं ठरलं. तब्येत ठीक असली की चेहरा हसेल, बिघडली की रडेल. याहून सोपं काय असणार? चेहरा कोणाचा, यावर मात्र उपसमिती बसली आणि बसूनच राहिली. डॉक्टरांचा चेहरा ठेवला, तर तो पाहूनच लोकांचा रक्तदाब वाढे. पिकल्या केसांच्या आजोबांचा ठेवला, तर ते रडले तरी घरात कोणी वळून बघेना. (हा निष्कर्ष अहवालातून वगळला, अध्यक्ष निवृत्तीला आले होते.) मांजराचा ठेवला, तर लोकांनी फोन खिडकीबाहेर नेऊन ठेवला. शेवटी तान्हं बाळ निवडलं. बाळ रडत असलं की घरातल्या कोणालाही दुसरं काही सुचत नाही, हे अध्यक्षांना नातवावरून ठाऊक होतं. रडण्याचा आवाज भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतका असावा, असाही ठराव झाला, कारण माणूस आजाराला भीत नाही, शेजाऱ्यांना भितो.

अ‍ॅपची रचना अशी. सकाळी बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर ठेवायचा. यंत्र परस्पर फोनला कळवतं आणि बाळ हसतं किंवा रडतं. गोळी घेऊन झाली की पडद्यावरची गोळी दाबायची. बाळ ती गट्टकन गिळतं. शिवाय या आजारात पाय रोज तपासावे लागतात, कारण पायाला झालेली जखम दुखत नाही आणि दुखत नाही तोवर तिकडे कोणी बघत नाही. त्यासाठी एका पावलाचं चित्र आहे. पाय तपासून झाले की ते दाबायचं. मग बाळाच्या तळव्यांना गुदगुल्या होतात आणि ते खदखदून हसतं. गुदगुल्यांची कल्पना माझी. तिच्याबद्दल खात्यानं मला प्रशस्तिपत्र दिलं असून, येणाऱ्या-जाणाऱ्याला धाप टाकताना दिसेल असं ते मी जिन्यात लावलं आहे.

अ‍ॅपला जो प्रतिसाद मिळाला, त्यानं भल्याभल्यांनी तोंडात बोटं घातली. गोळ्या वेळेवर घेण्याचं प्रमाण शंभर टक्के. पाय तपासण्याचं प्रमाणही शंभर टक्के (काही घरांत एकशे चाळीस, तिथे लहान मुलं होती). सगळ्यात वरचा क्रमांक बस डेपोमागच्या एका गल्लीनं पटकावला. त्या गल्लीत साखर नुसती आटोक्यात नव्हती, तर घरोघरी एकसारखी होती. निवृत्त लिफ्टमनची जेवढी, तेवढीच शिंपिणीची, तेवढीच पेन्शनीतल्या पोस्टमास्तरांची. इतकी एकजूट खात्यानं कुठल्याच गल्लीत पाहिली नव्हती. वार्षिक अहवालात 'समता रक्तात भिनली' असं वाक्य घालण्यात आलं. ही गल्ली माझी सासुरवाडी आहे, हे मी कोणालाही सांगितलं नाही, फक्त विचारणाऱ्यांना आणि न विचारणाऱ्यांना सांगितलं.

वर उल्लेखिलेले निवृत्त लिफ्टमन म्हणजे माझे सासरे. आयुष्यभर एका स्टुलावर बसून त्यांनी लोकांना वर-खाली नेलं, त्यामुळे स्वतःची साखर वर-खाली झाली तर त्याचं त्यांना नवल वाटत नसे. सासूबाईंनी पंचवीस वर्षं पुढच्या खोलीत पाळणाघर चालवलं. त्या गल्लीतलं निम्मं तरुण मंडळ त्यांच्या मांडीवर झोपून मोठं झालं आहे. गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा पाळणाघर बंद पडलं, पाळणे माळ्यावर गेले आणि घर सुनं झालं. अशा घरात आमचं अ‍ॅप पोहोचलं, आणि पहिल्याच सकाळी सासऱ्यांच्या रक्ताचा थेंब पट्टीवर पडताच ते टाहो फोडून रडू लागलं.

सासूबाईंनी फोन खांद्यावर घेतला आणि खोलीत फेऱ्या मारल्या. शिंपीण शिवण टाकून धावत आली. "अगं बाई, कोणाचं गं हे?" "डॉक्टरांनी दिलंय सांभाळायला," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्या रक्तानं त्याला त्रास होतो." सुबोधतेच्या इतिहासात यापेक्षा स्वच्छ आकलन माझ्या पाहण्यात नाही. चेहरा रडतो, त्याअर्थी दुखणं चेहऱ्याला आहे. या तर्कात चूक काढून दाखवा. आमच्या समितीला अजून सापडलेली नाही.

त्या दिवसापासून सासूबाईंनी बाळाची देखभाल डोळ्यात तेल घालून केली. पडद्यावर गोळी दिसली की बाळाला गोळी देत. खरी गोळी पाकिटात राही. "माझी गोळी?" असं सासऱ्यांनी एक-दोनदा विचारलं. "बाळाला दिली," असं उत्तर आलं, आणि गोळीनं पोटात गॅस होतो या मताचे असल्यामुळे सासऱ्यांनी विषय वाढवला नाही. ते बिस्किटं खायला बसले की त्या फोनवर रुमाल टाकत. बाळाच्या देखत गोड खाऊ नये, त्याच्या जिभेला पाणी सुटतं. रोज सकाळी पावलाचं चित्र दाबून त्या बाळाला गुदगुल्या करत. सासऱ्यांची पावलं मोज्यांत असत. त्यांना गुदगुल्या करण्याचा प्रश्नच नव्हता.

राहता राहिलं रक्त. सासऱ्यांच्या रक्तानं बाळ रडतं म्हटल्यावर, कोणाच्या रक्तानं हसतं याचा शोध सुरू झाला. गल्लीच्या तोंडाशी सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानदार इतका बारीक आहे की सगळे त्याला 'काडी' म्हणतात. काडीचा थेंब पट्टीवर पडला आणि बाळ असं हसलं, की शिंपिणीनं दुसऱ्याच दिवशी आपलंही बाळ त्याच्याकडे नेलं. मग पोस्टमास्तर आले. मग रांग लागली. शितावरून भाताची परीक्षा करतात हे ऐकून होतो. इथे एकाच शितावर सबंध गल्लीचा भात शिजत होता. पंक्चर काढणाऱ्याच्या दाही बोटांना पंक्चर झाली, पण काडी उदार माणूस आहे. "लेकरू हसतंय ना? मग टोचा," एवढंच तो म्हणे.

आदर्श गल्लीची पाटी लावण्याआधी पाहणी करावी, म्हणून मी एका रविवारी बायकोला घेऊन सासुरवाडीला गेलो. बायको स्वभावानं संशयी आहे. तिचा लग्नाच्या दिवसापासून माझ्यावर आणि अ‍ॅप निघाल्यापासून अ‍ॅपवर विश्वास नाही. सासरे खुर्चीत बसले होते, तिनं त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि ती खाली वाकली.

"बाबा, हा मोजा असा ओला का?"

"घाम असेल."

"एकाच पायाला? आणि निघत का नाही?"

"बसलाय चांगला. मोजा कसा, घट्टच हवा."

"अगं, पाय रोज तपासते मी," सासूबाई आतून म्हणाल्या. "आज सकाळी तर काय खिदळला म्हणून सांगू!"

"कोण, बाबा?"

"बाबा कशाला खिदळतील?"

मी ताबडतोब फोनवर नोंद पाहिली. सासऱ्यांचे दोन्ही पाय उत्तम होते. तसं मी बायकोला दाखवलंही. तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेसाठी आमच्याकडे अजून चित्र तयार झालेलं नाही. "चला, दवाखान्यात," ती म्हणाली. "जखम चिघळलीय. आणखी दोन दिवस घालवले तर पाय जाईल."

दवाखान्याच्या दारात पहारेकरी होता. त्यानं हात पुढे केला. "फोन." सासूबाईंनी रुमाल बाजूला करून फोन दाखवला. बाळ काडीच्या सकाळच्या थेंबावर प्रसन्न होतं.

"हसतंय," पहारेकरी म्हणाला. "पुढचा."

"अहो, पाय बघा यांचा!" बायको ओरडली.

"ताई, पाय बघायला मी डॉक्टर आहे का? मला चेहरा बघायला ठेवलंय. चेहरा हसरा असला की आत सोडायचं नाही."

हसऱ्या चेहऱ्याच्या रुग्णांनी रांगेत उभं राहून खऱ्या रुग्णांची गैरसोय करू नये, हे परिपत्रक आमच्याच कक्षाचं. आपण काढलेल्या परिपत्रकाची कोणी अंमलबजावणी करताना मी उभ्या नोकरीत प्रथमच पाहत होतो. मला भरून आलं. मी त्याचं मनापासून अभिनंदन केलं, आणि त्यानं मलाही बाहेर काढलं.

ओसरीतल्या बाकावर आमची बैठक झाली. आत जायचं तर बाळ रडायला हवं, आणि बाळ रडायचं तर सासऱ्यांचं स्वतःचं रक्त पट्टीवर पडायला हवं. उपाय सोपा होता. यंत्र सासूबाईंच्या पिशवीत होतं.

"आई, बाबांचं बोट टोच."

"नाही."

"आई!"

"पंचवीस वर्षं पाळणाघर चालवलं, एकाही लेकराला मुद्दाम रडवलं नाही. आता या वयात हे पाप करू? किती महिन्यांनी सुधारलंय ते! रात्रभर झोपतं आता."

"राहू दे गं," सासरे मुलीला म्हणाले. "तिचा जीव गुंतलाय. पायाचं काय, दुसरा आहे."

बायकोनं बाटलीतलं पाणी मोज्यावर ओतलं, तो भिजू दिला आणि हलक्या हातानं, कातडीपासून सोडवत सोडवत, काढला. अंगठा जांभळा-काळा पडला होता आणि त्याच्याखाली ओली, खोल जखम होती. सासूबाईंनी पाहिलं. मांडीवरचा फोन त्यांनी नकळत बाजूला ठेवला. लेकरांचे फुटलेले गुडघे पंचवीस वर्षं धुतलेल्या बाईला जखम ओळखायला चित्र लागत नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे कधी झालं?"

"दुखलं असतं तर सांगितलं असतं," सासरे म्हणाले. "आणि तू बाळात होतीस."

सासूबाई तशाच खाली फरशीवर बसल्या. ज्या गुडघ्यांनी त्यांना कित्येक वर्षांत खाली बसू दिलं नव्हतं, त्या गुडघ्यांना त्यांनी विचारलंही नाही. नवऱ्याचं पाऊल त्यांनी दोन्ही हातांत धरलं आणि त्या रडू लागल्या. मलाही तिथे फार वाईट वाटलं. (ही भावना वैयक्तिक असून कक्षाच्या धोरणाशी तिचा संबंध जोडू नये.) मग त्यांनी डोळे पुसले, पिशवीतून सुई काढली आणि सासऱ्यांचं बोट पुढे ओढलं. "रड रे सोन्या," त्या फोनला म्हणाल्या. "आजचा दिवस रड. आजोबांसाठी रड."

आणि बाळ रडलं. समितीनं ठरवलेला आवाज केवळ भिंतीपलीकडे जाणारा होता. प्रत्यक्षात तो दोन मजले वर बालविभागापर्यंत गेला आणि तिथल्या खऱ्या बाळांनीही सूर धरला. रांगेतले लोक उठून गोळा झाले. "भूक लागली असेल," एक म्हातारी म्हणाली. कोणी किल्ल्यांचा जुडगा वाजवून दाखवला. आतून नर्स धावत आली, तिनं फोन टॉवेलात गुंडाळला आणि छातीशी धरून आत पळाली. आम्ही मागे निघालो, तर पहारेकऱ्यानं हात आडवा केला. "पेशंट आत गेला. गर्दी करू नका." पेशंट बाकावर बसलाय, हे त्याला पटवायला बायकोला घशाच्या शिरा ताणाव्या लागल्या. अखेर चाकाची खुर्ची आली. सर्जननं अंगठा पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "फार उशीर केलात. बघतो, किती वाचवता येतं ते," असं म्हणून त्यानं सासऱ्यांना ऑपरेशनच्या खोलीत नेलं आणि दार लागलं.

इकडे बाळ काही केल्या शांत होईना. आत फोन चालत नाही म्हणून नर्सनं ते माझ्या हातात आणून दिलं. मी खांद्यावर घेतलं, थोपटलं, आवाज कमी करायचं बटण शोधलं. (असं बटण ठेवायचं नाही, असा ठराव मीच मांडला होता.) शेवटी काडीला निरोप धाडला. तो बिचारा सायकल दामटत, घामाघूम होऊन आला आणि दुकानाच्या तेलकट फडक्याला हात पुसून त्यानं बोट पुढे केलं. थेंब पडला. बाळाचा हुंदका अर्ध्यावर थांबला, डोळ्यांतलं पाणी डोळ्यांतच राहिलं आणि ओठ हळूच फाकले. सगळ्या ओसरीनं टाळ्या वाजवल्या. सासूबाई तेवढ्या वळल्या नाहीत. त्या बंद दाराकडे तोंड करून उभ्या होत्या. त्याच क्षणी सासऱ्यांच्या नावापुढे 'प्रकृती उत्तम, घरी सोडावे' अशी नोंद आपोआप झाली आणि तसा संदेश आतल्या सर्जनलाही गेला.

या प्रकरणाची खात्यानं गंभीर दखल घेतली. चौकशी समितीचा निष्कर्ष असा की, अ‍ॅप निर्दोष आहे. दोष बोटांमध्ये आहे. नागरिकांची बोटं वेगवेगळी असल्यामुळे निकालात एकवाक्यता राहत नाही. यावर उपाय म्हणून 'प्रमाण बोट' हे पद निर्माण करण्यात आलं आणि सर्वानुमते काडीची नेमणूक झाली. त्याला खात्याचा हातमोजा मिळाला. तो आता ठरावीक दिवशी ठरावीक गल्लीत जातो, आणि जिथे जातो तिथे साखर आटोक्यात येते. त्याला मिळणारा चहा बिनसाखरेचा असावा अशी अट आहे. (घरोघरच्या बिस्किटांमुळे मध्यंतरी त्याचंच रक्त गोडावलं होतं आणि एका सकाळी सबंध गल्ली एका सुरात रडली होती.)

बाळाबद्दल सांगायचं, तर नव्या आवृत्तीत त्याला दोन दात येणार आहेत. रडण्याची सोय काढून टाकली आहे, कारण रडणाऱ्या बाळामुळे दवाखान्यातली गर्दी वाढते असं आकडेवारीवरून दिसून आलं. ते आता दिवसभर हसेल आणि गोळी गिळून झाली की टाळ्या पिटेल. दात आधी वरचे यावेत की खालचे, यावर उपसमिती बसली आहे. जाणकार वाचकांनी आपली मतं चौथ्या मजल्यावर आणून द्यावीत.

हा मजकूर छापण्याआधी मी कार्यालयात मोठ्यानं वाचून दाखवला. सगळे पोट धरधरून हसले. बाळ हसलं आणि ओसरीनं टाळ्या वाजवल्या, याचा सर्वांना आनंद झाला. काडीला पद मिळालं, हेही सर्वांना पटलं. दोघांनी दातांबद्दल सूचना केल्या. सासऱ्यांना आत नेऊन दार लावल्याला तोवर तीन परिच्छेद झाले होते. तुम्हीही तेच तीन परिच्छेद आत्ता वाचलेत. चित्रं नसताना वाचलेत, म्हणजे आमच्या व्याख्येप्रमाणे तुम्ही आरोग्यसाक्षर आहात.

अंगठा गेला. शेजारचं बोटही काढावं लागलं. विचारलं असतंत, तर आधीच सांगितलं असतं.